बर्फाच्या उतारापर्यंत रेल्वे

कटरा ते सांगलदान हा अखेरचा टप्पा ६ जून २०२५ रोजी खुला झाला आणि काश्मीर खोरे देशाच्या उर्वरित लोहमार्गाशी जोडले गेले. चिनाबच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवर उभारलेल्या पुलाची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. हिमक्रीडेची आवड असणाऱ्यांच्या मनात मात्र त्याच वेळी एक निराळा प्रश्न उभा राहिला : आता रेल्वेने थेट गुलमर्गच्या उतारापर्यंत जाता येईल काय?

बरेचसे अंतर रेल्वेने जाता येईल, अखेरचे मात्र नाही, असे याचे थोडक्यात उत्तर आहे. ज्या देशांत हिवाळी क्रीडास्थळांकडे शंभर-सव्वाशे वर्षे गाड्या धावत आहेत, तेथील अनुभव पाहता अशा सेवेचे यशापयश बहुधा या अखेरच्या काही किलोमीटरांवरच ठरलेले दिसते. मुख्य मार्गावर गाडी किती वेगाने धावते, डबे किती आलिशान आहेत, या गोष्टी दुय्यम ठरतात. अवजड बूट, दोन मीटर लांबीच्या पट्ट्या, कपड्यांची पेटी आणि बरोबर लहान मुले असा जामानिमा सांभाळणारा प्रवासी गाडीतून उतरल्यावर पुढे काय करतो, हा खरा प्रश्न असतो. त्याला बर्फात बसची वाट पाहावी लागली, तर पुढच्या वर्षी तो घरूनच मोटार घेऊन निघतो.

रुग्णांसाठी आलेली गाडी

आल्प्स पर्वतातील बहुतेक लोहमार्ग स्कीपटूंसाठी बांधलेले नव्हते. दावोसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. सुमारे १,५६० मीटर उंचीवरील हे स्वित्झर्लंडमधील गाव एकोणिसाव्या शतकात क्षयरोग्यांचे आरोग्यधाम म्हणून प्रसिद्धीस आले. कोरड्या थंड हवेत रोग आटोक्यात येतो, असा त्या काळच्या वैद्यांचा विश्वास होता. आपल्या आजारी पत्नीला घेऊन १८६७ मध्ये तेथे आलेल्या विलेम यान होल्सबोअर या डच गृहस्थाने पुढे दावोसलाच कर्मभूमी मानले आणि रुग्णांना घोडागाडीचे हाल सोसावे लागू नयेत म्हणून रेल्वेचा ध्यास घेतला. लांडक्वार्टपासून निघालेला हा मीटरमापी मार्ग १८९० मध्ये दावोसला पोहोचला. त्यातूनच पुढे ऱ्हेशियन रेल्वे ही कंपनी आकारास आली.

या मार्गाचा सर्वाधिक चढ हजार मीटरला ४५ मीटर, म्हणजे साधारण २२ ला १ असा आहे. आपल्या भोर घाटात कर्जत ते लोणावळा हा चढ ३७ ला १ आहे आणि तेथेही गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे दावोसच्या मार्गाचे स्वरूप ध्यानात येते.

क्षयावर औषधे निघाली आणि आरोग्यधामे ओस पडली. परंतु त्याआधीच स्कीइंगने गावाचा कब्जा घेतला होता. १९३१-३२ मध्ये दावोसहून वाइसफ्लूयोख या शिखराकडे पार्सेन फ्युनिक्युलर सुरू झाली. प्रामुख्याने स्कीपटूंसाठी बांधलेली ती पहिली फ्युनिक्युलर मानली जाते. फ्युनिक्युलर म्हणजे तिरक्या रुळांवर जाड तारेने ओढला जाणारा डबा. वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून भाविकांची ने-आण करणारी ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याची कल्पना येईल.

येथे एक मौजेची गोष्ट घडली. पार्सेनच्या माथ्यावरून सुटलेला स्कीपटू दहा-बारा किलोमीटर घसरत थेट क्यूब्लिस या खालच्या गावी उतरू शकतो आणि तेथून ऱ्हेशियन रेल्वेने पुन्हा दावोसला परततो. म्हणजे रुग्णांसाठी आलेली गाडीच स्कीपटूंची लिफ्ट झाली. याच रेल्वेच्या आल्बुला मार्गावर प्रेडा ते बेर्ग्यून असा सहा किलोमीटरचा घसरगाडीचा रस्ता आहे. हिवाळ्यात लोक आपल्या लाकडी घसरगाड्या घेऊन गाडीने वर जातात, घसरत खाली येतात आणि पुन्हा गाडी पकडतात.

झेरमाट आणि माथेरान

मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याशी असलेल्या झेरमाट येथे रेल्वे १८९१ मध्ये पोहोचली, परंतु कित्येक वर्षे ती केवळ उन्हाळ्यात चालत असे. अरुंद दरीत दोन्ही बाजूंनी हिमकडे कोसळण्याचा धोका असल्याने हिवाळ्यात रूळ मोकळे ठेवणे परवडणारे नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. गावातील हॉटेलमालकांना हिवाळी पाहुणे हवे होते. धोक्याच्या ठिकाणी हिमस्खलनापासून संरक्षण करणारी बांधकामे करण्यात आली, तेव्हा कोठे १९३३ पासून गाडी बाराही महिने गावापर्यंत जाऊ लागली. आज झेरमाट हे हिवाळी पर्यटनाचे जगप्रसिद्ध केंद्र आहे. त्याचे श्रेय शिखराला जितके, तितकेच या संरक्षक भिंतींना आणि छपरांना द्यावे लागेल.

पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या खासगी मोटारींना झेरमाटमध्ये प्रवेश नाही. मोटारीने येणाऱ्याने सुमारे पाच किलोमीटर अलीकडे टॅश या गावी वाहन उभे करावे आणि शटल गाडीने बारा मिनिटांत झेरमाट गाठावे, अशी व्यवस्था आहे. मराठी वाचकाला हे वाचून माथेरान आठवल्याशिवाय राहणार नाही. दस्तुरी नाक्यावर मोटार ठेवायची आणि अमन लॉजहून शटल गाडीने गावात जायचे, ही आपल्याकडील रीत तत्त्वतः तीच आहे. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ ची, म्हणजे झेरमाटच्या गाडीहून अवघ्या सोळा वर्षांनी धाकटी. २०१९ च्या पावसाळ्यात तिचा मार्ग वाहून गेला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून वर गाडी गेली नाही. त्या काळात अमन लॉज ते माथेरान ही छोटी शटलच गावाच्या उपयोगी पडली. डोंगरी गावाला अखेरचा टप्पा किती मोलाचा असतो, याचा हा घरचाच दाखला म्हणता येईल.

रेल्वेवर विसंबण्यात जोखीमही असते. जानेवारी २०१८ मध्ये जोरदार हिमवृष्टीमुळे झेरमाटचा रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही बंद पडले, तेव्हा सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले आणि काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. गावात अन्न होते, कोणाला इजा झाली नाही. बाहेर पडण्याचा मार्ग मात्र नव्हता.

युंगफ्राउची दुसरी ओळख

महाराष्ट्रातून स्वित्झर्लंडला जाणारा पर्यटक बहुधा उन्हाळ्यात जातो आणि सहलीच्या कार्यक्रमात युंगफ्राउयोख ठरलेले असते. ३,४५४ मीटर उंचीवरील हे स्थानक १९१२ मध्ये उघडले. चित्रपटनिर्माते यश चोप्रा यांचे नाव या रेल्वेने २०११ मध्ये आपल्या एका गाडीला दिले, यावरून भारतीय प्रवाशांचे तेथील महत्त्व कळते. परंतु याच गाड्यांची हिवाळ्यातील ओळख फार वेगळी आहे. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइने शाइडेग आणि तेथून पलीकडे ग्रिंडेलवाल्ड अशी धावणारी वेंगर्नआल्प रेल्वे १८९३ ची आहे. तिची लांबी सुमारे १९ किलोमीटर असून सलग दातेरी रुळांचा हा जगातील सर्वांत लांब मार्ग आहे. हिवाळ्यात तिच्या डब्यांतून पर्यटकांपेक्षा स्कीपटूच अधिक दिसतात. वेंगेनलाही मोटाररस्ता नाही, त्यामुळे गावातील भाजीपाल्यापासून हॉटेलच्या चादरींपर्यंत सर्व काही गाडीनेच वर जाते.

वेंगेनला १९३० पासून लाउबरहोर्नची शर्यत भरते. जवळजवळ साडेचार किलोमीटरची ही विश्वचषक मालिकेतील सर्वांत लांब उतार-शर्यत आहे. या शर्यतीचा मार्ग एका ठिकाणी चक्क रेल्वेच्या पुलाखालून जातो. वरून गाडी आणि खालून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने जाणारा स्पर्धक, असे दृश्य अन्यत्र क्वचितच दिसत असेल. प्रेक्षकांना येथे मोटारीने पोहोचता येत नसल्याने शर्यतीच्या दिवशी सारा भार या छोट्या गाड्यांवर पडतो.

याच परिसरात अलीकडे झालेला एक बदल महत्त्वाचा आहे. पूर्वी ग्रिंडेलवाल्डला येणाऱ्या स्कीपटूला मुख्य गाडीतून उतरून दातेरी गाडीत बसावे लागे आणि तिचा वेग बेताचा असल्याने वर पोहोचण्यात बराच वेळ जाई. डिसेंबर २०१९ मध्ये गावाच्या अलीकडे ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल हे नवे स्थानक उघडले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथूनच आयगर एक्सप्रेस ही तीन तारांवर चालणारी गोंडोला सुरू झाली. फलाटावरून इमारतीत जायचे, गोंडोलात बसायचे आणि पंधरा मिनिटांत आयगर हिमनदीचे स्थानक गाठायचे. शंभर वर्षांची जुनी रेल्वे टिकवून तिला नवा शेवटचा टप्पा जोडण्याचा हा प्रयोग अन्य देशांतही होत आहे. नॉर्वेतील व्हॉस येथे २०१९ मध्ये रेल्वे स्थानकालगतच डोंगरावर जाणारी गोंडोला सुरू झाली. फ्रान्समधील बूर्ग-सां-मोरिस स्थानकाला लागूनच १९८९ पासून फ्युनिक्युलर असून ती सात मिनिटांत आर्क १६०० या वसाहतीत पोहोचवते.

स्पेनमधील व्हाल दे नुरिया हे पिरेनीज पर्वतातील ठिकाण याहूनही पुढचे आहे. तेथे सार्वजनिक रस्ताच नाही. १९३१ मध्ये बांधलेली साडेबारा किलोमीटरची दातेरी रेल्वे हाच तेथे जाण्याचा मार्ग.

याउलट रेल्वे फार जवळ आल्याने अडचण झाल्याचेही उदाहरण आहे. ऑस्ट्रियातील सेंट अँटन हे गाव १८८४ च्या आर्लबर्ग बोगद्याच्या तोंडाशी वसलेले असून आधुनिक स्कीशिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. तेथील जुने स्थानक आणि रूळ गाव व उतार यांच्या मधोमध होते. २००१ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या तयारीत २००० मध्ये सगळा मार्ग आणि स्थानक गावाच्या दुसऱ्या बाजूला हलविण्यात आले. मोकळ्या झालेल्या जागेमुळे गाव थेट उतारांना जोडले गेले. नवे स्थानकही लिफ्टपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

रेल्वे कंपनीने वसविलेले गाव

अमेरिकेत गोष्ट उलट्या क्रमाने घडली. तेथे रेल्वेने गिऱ्हाईक मिळविण्यासाठी क्रीडास्थळच निर्माण केले. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष एव्हरेल हॅरिमन यांनी आयडाहो राज्यात १९३६ मध्ये सन व्हॅली वसविले. महामंदीच्या काळात पश्चिमेकडील गाड्यांना प्रवासी मिळावेत, हा त्यामागील सरळ हिशेब होता. उतारावर वर जाण्यासाठी सोपे साधन हवे होते. कंपनीच्या ओमाहा येथील कार्यालयातील अभियंता जेम्स करन यांनी जहाजावर केळीचे घड चढविण्याच्या यंत्रावरून कल्पना घेतली. घड अडकविण्याच्या आकड्यांच्या जागी खुर्च्या टांगल्या आणि जगातील पहिली चेअरलिफ्ट तयार झाली. आज जगभरातील उतारांवर फिरणाऱ्या खुर्च्यांचे मूळ अशा रीतीने एका रेल्वे कार्यालयात सापडते. दैवदुर्विलास असा, की पुढे सन व्हॅलीकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या बंद पडल्या, रूळही काढले गेले आणि त्या जागी सायकलस्वारांचा रस्ता झाला. चेअरलिफ्ट तेवढी राहिली.

कोलोरॅडोतील डेन्व्हर ते विंटर पार्क ही स्की ट्रेन अधिक बोधप्रद आहे. रॉकी पर्वताच्या पोटातून जाणारा सुमारे दहा किलोमीटरचा मोफॅट बोगदा १९२८ मध्ये खुला झाला. बोगद्याच्या पश्चिम तोंडाशीच उतार असल्याने १९४० मध्ये तेथे क्रीडास्थळ सुरू झाले आणि डेन्व्हरहून गाडीही. अंतर सुमारे ९० किलोमीटर, वेळ दोन तास, आणि गाडीतून उतरले की काही पावलांवर लिफ्ट. अखेरच्या टप्प्याची कोणतीही अडचण नसूनही २००९ मध्ये ही गाडी बंद झाली. वाढता खर्च, विम्याचा भार आणि डेन्व्हर स्थानकाच्या पुनर्बांधणीचे काम अशी कारणे सांगितली गेली. डबे कॅनडातील एका रेल्वेला विकले गेले. २०१५ च्या मार्चमध्ये चाचणी म्हणून सोडलेल्या गाड्यांना प्रवाशांनी उत्साहाने प्रतिसाद दिला आणि जानेवारी २०१७ पासून अॅमट्रॅक या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेने हिवाळ्यात विंटर पार्क एक्सप्रेस सुरू केली.

हिवाळ्यात चार महिने, त्यातही प्रामुख्याने शनिवार-रविवारी चालणारी गाडी हा मोठा खर्चाचा व्यवहार असतो, हे येथे दिसून येते. डबे, इंजिन आणि कर्मचारी उरलेल्या दिवसांत काय करणार? जी गाडी बाराही महिने गावकऱ्यांची, शाळकरी मुलांची आणि मालाची वाहतूक करते, तिला हिवाळी गर्दी ही वरकड कमाई असते. स्वित्झर्लंडमधील मार्ग टिकले, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे. केवळ स्कीपटूंवर जगणारी गाडी एखाद्या वाईट हंगामाने किंवा विम्याच्या एका हप्त्याने कोलमडते.

फलाटाच्या वर भाड्याच्या पट्ट्या

जपानमधील गाला युझावा हे स्थानक या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर आहे, असे आमचे मत. टोकियोहून निघालेली शिंकान्सेन सुमारे सव्वा तासात एचिगो-युझावाच्या पुढे १.८ किलोमीटरच्या फाट्यावर वळते आणि थेट उताराच्या पायथ्याशी थांबते. हा फाटा प्रवाशांसाठी बांधलेलाच नव्हता. देखभाल आगाराकडे जाणारे रूळ तेथे आधीपासून होते. त्यांचाच उपयोग करून पूर्व जपान रेल्वेने डिसेंबर १९९० मध्ये स्थानक आणि क्रीडास्थळ दोन्ही एकदम सुरू केले. कायद्याच्या लेखी हा मार्ग शिंकान्सेनचा नसून सामान्य लोहमार्गाची शाखा आहे, पण त्यावर धावतात त्या शिंकान्सेनच्याच गाड्या.

स्थानकाच्या इमारतीतच तिकीट, कपडे बदलण्याच्या खोल्या, भाड्याने बूट-पट्ट्या देणारे दुकान आणि गोंडोला आहे. टोकियोतील एखादा नोकरदार सकाळी रिकाम्या हाताने निघतो, दिवसभर स्की करतो आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतो. हिवाळा संपला की स्थानक बंद. नवे रूळ टाकावे लागले नाहीत आणि डबे इतर वेळी मुख्य मार्गावर धावतात. त्यामुळे हंगामी सेवेचा तोटा येथे फारसा जाणवत नाही. जपानमध्ये स्कीपटूंची संख्या १९९० च्या दशकानंतर बरीच घटली आणि अनेक क्रीडास्थळे बंद पडली. गाला युझावा मात्र चालू राहिले.

चीनने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी याच दिशेने, पण फार मोठ्या खर्चाने पाऊल टाकले. ३० डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या बीजिंग-झांगजियाकोऊ वेगवान मार्गाला एक फाटा देऊन ताइझिचेंग हे स्थानक ऑलिंपिक ग्रामाजवळच उभारण्यात आले.

लंडनहून आल्प्सकडे

लांब पल्ल्याच्या स्की गाडीचा विषय निघाला की युरोस्टारचे नाव येतेच. डिसेंबर १९९७ पासून लंडनहून थेट बूर्ग-सां-मोरिसपर्यंत हिवाळ्यात गाडी जाऊ लागली. आल्प्समध्ये हॉटेले आणि घरे शनिवार ते शनिवार भाड्याने देण्याची पद्धत आहे. त्यामुळे त्या एकाच दिवशी सर्व रस्ते मोटारींनी तुंबतात आणि बर्फ पडला तर तासन्‌तास वाहने हलत नाहीत. युरोस्टारची रात्रीची गाडी शुक्रवारी संध्याकाळी निघून शनिवारी सकाळी पोहोचत असे आणि परतीची गाडी पुढच्या शनिवारी रात्री सुटत असे. परिणामी प्रवाशाला सहाऐवजी आठ दिवस उतारावर मिळत. गाडीत झोपण्याची सोय नव्हती, रात्र बसूनच काढावी लागे, तरी आठ दिवसांच्या लोभाने लोक ती सोसत.

२०२० मध्ये कोविड महासाथीत ही थेट गाडी थांबली, ती पुन्हा सुरू झाली नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर पारपत्र तपासणीची कटकट वाढली होती आणि कंपनीने आपले लक्ष मुख्य मार्गांवर केंद्रित केले. डिसेंबर २०२३ पासून प्रवाशाला फ्रान्समधील लिल येथे गाडी बदलून पुढे जाण्याची सोय करून देण्यात आली. सामानासह एकदा गाडी बदलणे आणि अजिबात न बदलणे, यांतील फरक नकाशावर दिसत नाही, परंतु लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबाला तो चांगलाच कळतो.

या साऱ्याला पर्यावरणाचीही बाजू आहे. स्कीच्या सुट्टीत होणाऱ्या कार्बन उत्सर्जनात क्रीडास्थळी पोहोचण्याच्या प्रवासाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो. लिफ्ट चालविण्यासाठी लागणारी वीज त्यामानाने कमी. ज्यांच्या पोटापाण्याचा आधार बर्फ आहे, त्या गावांनी रेल्वेचा आग्रह धरावा, हे म्हणूनच स्वाभाविक आहे.

बर्फात रूळ कसे मोकळे राहतात

अशा मार्गांचे काम कसे चालते, याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. साध्या रुळावर चाक केवळ घर्षणाने पुढे जाते. चढ वाढला किंवा रुळावर दव गोठले की चाक घसरू लागते. म्हणून तीव्र चढावर दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवतात आणि इंजिनाखालचे दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी वर नेते. आपल्याकडे अशी व्यवस्था निलगिरी पर्वतीय रेल्वेवर आहे. तेथे वापरलेली आब्ट पद्धत झेरमाटच्या मार्गावरही आहे.

रुळावर साचलेला बर्फ इंजिनापुढे बसवलेल्या नांगराने बाजूला सारतात. थर जाड असेल तर मोठी फिरती पाती असलेले यंत्र बर्फ कापून दूर फेकते. सांधे गोठू नयेत म्हणून त्यांना उष्णता पुरवावी लागते. परंतु खरा शत्रू हिमस्खलन. त्यासाठी वरच्या उतारावर लोखंडी अडसर उभारणे, रुळावर छपरासारखी गॅलरी बांधणे आणि धोका वाढल्यास गाड्या थांबवणे एवढेच उपाय माणसाच्या हाती आहेत. झेरमाटची २०१८ ची घटना या तिसऱ्या प्रकारात मोडते.

गुलमर्गची स्थिती

आता पुन्हा काश्मीरकडे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर असून श्रीनगरपासून साधारण ५० किलोमीटर अंतरावर आहे. ब्रिटिश अमदानीत, १९२७ मध्ये, येथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये कोंगदोरीपर्यंत आणि दुसरा २००५ मध्ये अफरवट पर्वतावर, जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत गेला. परदेशी स्कीपटूंचे लक्ष गुलमर्गकडे वळले ते मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यानंतर. २०२० पासून खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धांचे ते प्रमुख केंद्र आहे.

खोऱ्यातील रेल्वेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २००८ मध्ये अनंतनाग ते मझहोम असा सुरू झाला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये मार्ग बारामुल्लापर्यंत गेला. २०१३ मध्ये पीर पंजाल पर्वताखालील सुमारे ११ किलोमीटरच्या बोगद्यातून बनिहाल जोडले गेले. या मार्गाची उपयुक्तता हिवाळ्यात विशेष जाणवते. महामार्ग बर्फाने बंद पडला असताना खोऱ्यातील गाडी बहुधा चालू असते आणि परीक्षार्थी, रुग्ण, सफरचंदांचे व्यापारी तिच्यावरच विसंबतात. म्हणजे बाराही महिने स्थानिकांना उपयोगी पडण्याची जी अट वर सांगितली, ती हा मार्ग आधीच पूर्ण करतो. जून २०२५ मध्ये कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांत उष्णतेची सोय असून चालकाच्या काचेवर बर्फ गोठू नये, अशी रचना केली आहे. सुमारे तीन तासांत ती श्रीनगरला पोहोचते. दिल्लीकडून येणाऱ्याला सुरुवातीला कटरा येथे गाडी बदलावी लागे.

अडचण त्यानंतरची आहे. श्रीनगर स्थानक शहराच्या बाहेर नौगाम येथे आहे. मझहोम स्थानक गुलमर्गच्या रस्त्यावरील मागामपासून जवळ पडते, परंतु वंदे भारतमधून श्रीनगरला उतरलेल्या पर्यटकाने सामानासह पुन्हा खोऱ्यातील गाडी पकडावी, अशी अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. तो टॅक्सी करतो. टॅक्सी टांगमर्गपर्यंत जाते. तेथून वरचे तेरा किलोमीटर वळणांचे असून ताज्या बर्फात चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना गती असलेली वाहनेच वर सोडली जातात. म्हणून प्रवाशाला टांगमर्गला पुन्हा वाहन बदलावे लागते. दिल्लीहून गुलमर्गच्या हॉटेलपर्यंत मोजले तर गाडी, गाडी, टॅक्सी, जीप असे चार टप्पे होतात. गाला युझावाच्या प्रवाशाला एक.

टांगमर्गच्या जीपचालकांची, सामान वाहणाऱ्या मजुरांची आणि घसरगाडी ओढणाऱ्यांची उपजीविका मात्र याच तुटलेल्या दुव्यावर चालते, हेही विसरून चालणार नाही. मागाम किंवा श्रीनगर स्थानकावरून गाडीच्या वेळेशी जुळणारी थेट बससेवा, स्की ठेवण्याची जागा असलेली आणि गाडीच्याच तिकिटात समाविष्ट, ही नव्या लोहमार्गापेक्षा कितीतरी स्वस्त आणि लवकर होण्यासारखी गोष्ट आहे. ती चालवणारे याच लोकांतून यावेत, असे आम्हांस वाटते. डोंगराच्या कुशीत नवे रूळ किंवा बोगदे खोदण्याचा विचार करण्यापूर्वी बर्फाचा हिशेबही मांडावा लागेल. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे मैदान जवळजवळ कोरडे होते आणि खेलो इंडिया स्पर्धा फेब्रुवारीच्या अखेरीकडे ढकलाव्या लागल्या. २०२५ मध्येही पुरेशा बर्फाअभावी गुलमर्गमधील स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्या. शंभर वर्षांसाठी बांधायच्या मार्गाचा निर्णय अशा हिवाळ्यांकडे पाहूनच घ्यावा लागतो.

उत्तराखंडातील औलीचा प्रश्न याहून अवघड आहे. तेथे सर्वांत जवळचे स्थानक हृषीकेश परिसरात असून पुढे अडीचशे किलोमीटरहून अधिक घाटरस्ता आहे. बांधकामाधीन हृषीकेश-कर्णप्रयाग मार्ग सुमारे १२५ किलोमीटरचा असून त्यातील बहुतांश भाग बोगद्यांतून जातो. तो पूर्ण झाल्यावरही कर्णप्रयागहून जोशीमठ गाठण्यास रस्त्याचाच आधार राहील. जोशीमठहून औलीपर्यंत सुमारे चार किलोमीटरचा रज्जुमार्ग १९९० च्या दशकापासून होता आणि अखेरच्या टप्प्याची ती उत्तम सोय होती. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांच्या भिंतींना तडे गेले आणि तो रज्जुमार्ग बंद करण्यात आला.